पसरलेला कॅन्सर, चालू असलेली केमो आणि घरची माणसं

डॉक्टर एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगतात. "आजार पसरलाय, पण केमो देता येईल." केबिनमधून बाहेर आल्यावर घरातल्या एकाच्या कानात 'पसरलाय' एवढंच घुमत असतं, दुसऱ्याच्या कानात 'केमो देता येईल'. एक जण जिन्यात डोळे पुसत असतो, दुसरा फाइल घेऊन डे-केअरची, म्हणजे दिवसभरात केमो देऊन घरी सोडणाऱ्या वॉर्डाची, तारीख विचारायला पळालेला असतो. आणि ज्याला आजार झालाय तो बाहेरच्या बाकावर बसून दोघांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधत असतो. पुढचे कित्येक महिने घरातले वाद या अर्ध्या-अर्ध्या ऐकलेल्या वाक्यातून निघतात. जेवायचा आग्रह किती करायचा, शेत विकायचं का, आजीला काय सांगायचं, मुलीचं लग्न अलीकडे घ्यायचं का.

माझ्या मते आधाराची सुरुवात धीराच्या शब्दांनी होत नाही. ही केमो कशासाठी चालू आहे, हे घरातल्या प्रत्येकाला नीट ठाऊक असण्यापासून ती होते. तेवढं एक कळलं की बाकीचे बरेच निर्णय सोपे नाही तरी सरळ होतात.

चौथी स्टेज म्हणजे काय?

कॅन्सर जिथे सुरू झाला तिथून निघून रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून दूरच्या अवयवात, म्हणजे यकृत, फुप्फुस, हाडं, मेंदू अशा ठिकाणी जाऊन वाढायला लागला की बहुतेक कॅन्सरमध्ये त्याला चौथी स्टेज म्हणतात. स्तनाचा कॅन्सर हाडात गेला तर "आता हाडाचाही कॅन्सर झाला" असं नातेवाईक म्हणतात. तसं नसतं. हाडात गेलेल्या त्या पेशी स्तनाच्या कॅन्सरच्याच असतात, म्हणून औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच दिली जातात.

"म्हणजे आता दिवसच मोजायचे का?" स्टेजच्या आकड्यावरून हे ठरत नाही. वृषणाचा कॅन्सर पसरलेला असला तरी पुष्कळदा केमोने पूर्ण बरा होतो. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, काही प्रकारांचंही तसंच आहे. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरसोबत माणसं अनेक वर्षं जगतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र वेळ बहुधा कमी मिळतो. त्यामुळे शेजारच्या काकांचं काय झालं यावरून आपल्या माणसाचं काय होईल हे सांगता येत नाही.

तरीही फुप्फुस, पोट, आतडं, यकृत अशा बहुतेक अवयवांच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोचं उद्दिष्ट आजार मुळापासून काढणं हे नसतं. गाठी लहान करणं किंवा आहेत तेवढ्याच ठेवणं, दुखणं आणि धाप कमी करणं, आयुष्य वाढवणं आणि ते वाढलेलं आयुष्य जगण्याजोगं ठेवणं, हे तिचं काम असतं. अशा केमोला पॅलिएटिव्ह केमो म्हणतात.

हे बहुतेकांना सांगूनही पोचत नाही. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या सुमारे १,२०० रुग्णांना विचारलं गेलं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८१ टक्के रुग्णांच्या उत्तरांत, या केमोने आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता फार कमी आहे, हे उमगलेलं दिसलं नाही. आणि हे अशा देशात, जिथे डॉक्टर थेट रुग्णाशीच बोलतात. आपल्याकडे तर बोलणी मोठ्या मुलाशी किंवा जावयाशी होतात.

म्हणून पुढच्या भेटीत सरळ विचारा: "डॉक्टर, या केमोने आजार पूर्ण जाईल की आटोक्यात राहील? आणि ती उपयोगी पडतेय हे आम्हाला कधी, कशावरून कळेल?" उत्तर कागदावर लिहून घ्या. दोन-तीन महिन्यांनी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'स्टेबल' असा शब्द आला की घरात सुतक पडल्यासारखं होतं, कारण सगळ्यांना 'गाठ गेली' हे ऐकायचं असतं. पण आटोक्यात ठेवणं हेच उद्दिष्ट असेल तर 'स्टेबल' ही चांगली बातमी आहे.

केमो शरीरात करते काय?

शेतात तण माजलं की आपण तणनाशक फवारतो. ते तणाला जाळतं, पण पिकाच्या कोवळ्या पानांनाही पिवळं पाडतं. मग पीक सावरेपर्यंत थांबायचं आणि पुढची फवारणी करायची. केमोचं गणित असंच आहे. झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारणं हे या औषधांचं काम. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने विभागतात, पण केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या, हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. केस गळणं, तोंड येणं, जुलाब, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) कमी होणं, हे सगळं तिथून येतं. निरोगी पेशी काही दिवसांत सावरतात. त्या सावरण्यासाठी दोन डोसांमध्ये जागा ठेवलेली असते, आणि डोस अधिक ही जागा मिळून एक 'सायकल' होते.

"त्रास होत नाही म्हणजे औषध लागू पडत नाही का?" नाही, या दोन्हींचा असा संबंध जोडता येत नाही. कोणाचे केस गळत नाहीत, कोणाला उलटीच होत नाही, तरी गाठी आकसतात. आणि हल्ली बऱ्याच जणांना केमोऐवजी किंवा केमोबरोबर टार्गेटेड गोळ्या (कॅन्सरच्या पेशींतला ठरावीक दोष हेरून मारा करणाऱ्या) किंवा इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देतात. त्यांचे त्रास वेगळे असतात, ते त्या-त्या औषधाचे विचारून घ्यावेत.

सायकल भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा

बऱ्याच केमो दर २१ दिवसांनी असतात, काही १४ दिवसांनी, काही आठवड्याला. आपली कोणती ते विचारून सायकलचे दिवस कॅलेंडरवर लिहा. मग त्रास अंगावर कोसळत नाही, तो येणार हे आधी ठाऊक असतं. खाली २१ दिवसांची साधारण सायकल सांगतेय.

केमोच्या आधी रक्त तपासतात. काउंट कमी आले तर केमो पुढे ढकलतात. बाहेरगावहून रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबाला हे ऐकून रडू येतं, आणि ते साहजिक आहे. पण आठवडाभर उशीर झाला म्हणून उपचार हातचा गेला असं होत नाही. काउंट नसताना दिलेला डोस मात्र जिवावर बेतू शकतो. शक्य असेल तर आदल्या दिवशी गावातल्याच लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल का, हे डे-केअरच्या सिस्टरना विचारा. बऱ्याच ठिकाणी चालतं.

केमो चालू असताना सुई टोचलेल्या जागी जळजळ झाली किंवा सूज दिसली तर सलाईन संपायची वाट न पाहता लगेच सिस्टरना हाक मारा. काही औषधं शिरेबाहेर गळली तर आतली कातडी आणि मांस जळतं. शिरा वारंवार मिळत नसतील तर छातीवर कातडीखाली बसवायच्या पोर्टबद्दल, म्हणजे औषध थेट मोठ्या शिरेत सोडणाऱ्या छोट्या डबीबद्दल, विचारा. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध मिळालं असेल तर दिवसभर लघवी लालसर होते. ते रक्त नसतं.

पहिले दोन-तीन दिवस उलटी थांबवायच्या औषधांबरोबर स्टेरॉइड असतं. त्यामुळे माणूस कधी कधी फारच तरतरीत दिसतो, रात्री झोपत नाही, मधुमेह असेल तर साखर चढते. ते औषध संपलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो एकदम खाली बसतो. घरच्यांना वाटतं, कालपर्यंत बरा होता, आज काय झालं? हा उतार बहुधा अपेक्षितच असतो.

उलटीच्या गोळ्या उलटी व्हायच्या आधी, ठरलेल्या वेळी द्यायच्या असतात. त्यांत ओलांझापिन नावाची गोळी असेल आणि कोणी ती मोबाइलवर शोधली, तर "ही मानसिक आजाराची गोळी आहे" असं दिसेल आणि घरात घबराट होईल. ती त्या आजारांवर वापरतात हे खरं आहे, पण केमोनंतरची मळमळ रोखायला ती उत्तम काम करते. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२४ साली दाखवून दिलं की १० मिलिग्रॅमऐवजी अवघ्या २.५ मिलिग्रॅमनेही तेवढंच काम होतं आणि दिवसाची गुंगी कमी राहते. गुंगी फार येत असेल तर गोळी परस्पर बंद करण्यापेक्षा डोसबद्दल विचारावं.

सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. हे दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने रंगवा. गर्दी, सर्दी-खोकल्याचे पाहुणे, लग्नाचा हॉल, सगळं या दिवसांत टाळायचं. तिसऱ्या आठवड्यात माणूस पुन्हा माणसात येतो. नातवाचा वाढदिवस, बागेत चक्कर, जुन्या मित्राला भेटणं, हे सारं या आठवड्यासाठी राखून ठेवा. बहुतेक घरं हाच आठवडा बँकेची आणि हॉस्पिटलची कामं उरकण्यात घालवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. एवढी औषधं सोसून मिळवलेले चांगले दिवस हेच आहेत.

औषधागणिक काही खास खबरदारी असते. ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर काही दिवस थंड पाणी, फ्रिजमधल्या वस्तू, गार फरशी यांना स्पर्श नको. बोटांत वीज चमकल्यासारखं होतं, घसा आवळल्यासारखा वाटतो. पॅक्लिटॅक्सेलने हातापायांना मुंग्या येतात. शर्टाची बटणं लागेनाशी झाली, पायातली चप्पल निसटली तरी कळेना, तर हे "वयामुळे असेल" म्हणून सोडू नका, पुढच्या डोसआधी सांगा. सिस्प्लॅटिनमध्ये मूत्रपिंडं जपायची म्हणून किती पाणी प्यायचं ते विचारून घ्या.

हे सगळं टिपायला एक साधी वही पुरे. तारीख, ताप, उलट्या किती, शौचाला झाली का, किती दुखलं, दिवसातला किती वेळ अंथरुणात गेला. शेवटची नोंद डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाची असते, आणि ती फक्त घरचं माणूसच देऊ शकतं.

ताप आला तर

हा भाग घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त दिसला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन करून लगेच निघायचं. थंडी वाजून अंग थडथडायला लागलं तर ताप नसतानाही निघायचं.

"क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू" हे केमोत चालत नाही. पांढऱ्या पेशी नसताना शरीर जंतूंशी झुंजू शकत नाही, आणि काही तासांत संसर्ग रक्तात भिनतो. पॅरासिटामॉलने तापाचा आकडा उतरतो, संसर्ग तसाच वाढत राहतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते देऊ नका. हॉस्पिटलमध्ये पोचताच "पेशंट केमोवर आहे, ताप आलाय" हे पहिलं वाक्य बोला, कारण अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हायला हवं. शिरेतून चालू करायचं हे औषध जवळच्या तालुक्याच्या हॉस्पिटलातही सुरू करता येतं. तेव्हा मुंबई-पुणे दूर असेल तर जवळ कुठे जायचं, ते आधीच ठरवून त्या डॉक्टरांना केमोची फाइल दाखवून ठेवा.

घरात दोन थर्मामीटर ठेवा. एक ऐनवेळी सापडत नाही.

"चार घास तरी खा ना"

आपल्याकडे प्रेम ताटातून व्यक्त होतं, त्यामुळे सर्वांत जास्त भांडणं इथे होतात. समजून घ्यायची गोष्ट अशी की पसरलेल्या कॅन्सरमध्ये भूक मरण्याला नुसती केमो जबाबदार नसते. आजार स्वतःच शरीराची अन्न वापरण्याची पद्धत बदलतो. त्यामुळे खाल्लं तरी वजन उतरतं, आणि जबरदस्तीने भरवून ते परत येत नाही. तो खात नाही म्हणून खंगत नाही, बहुतेक वेळा आजाराने खंगतोय म्हणून त्याची खायची इच्छा मेली आहे. हे लक्षात आलं की "तुला बरं व्हायचंच नाही का?" हे जिव्हारी लागणारं वाक्य तोंडातून निघत नाही.

मोठ्या ताटाऐवजी वाटी-वाटीने, दर दोन-तीन तासांनी द्या. मऊ भात आणि वरण, पेज, नाचणीची आंबील, अंड्याची भुर्जी, ताजं दही, शिरा. तोंड आलं असेल तर तिखट-आंबट बंद आणि मीठ-खायच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. फोडणीचा वास नको असेल तर जेवण थोडं गार करून वाढा. लाल खुणेच्या दिवसांत बाहेरचा उसाचा रस, चिरून ठेवलेली फळं, अर्धकच्चं मांस नको. फळं घरी धुऊन-सोलून चालतात.

"साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो म्हणे?" साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही. शरीर इतर अन्नातूनही ग्लुकोज बनवतं. आधीच वजन घटलेल्या माणसाचा गोडाचा शिरा काढून घेऊ नका. मधुमेह असेल तर अर्थात वेगळा विचार. गव्हांकुर, काढे, पपईच्या पानांचा रस यांबद्दल माझं म्हणणं एवढंच: लपवून देऊ नका. काही वनस्पतींमुळे औषध पचवण्याचं यकृताचं काम बदलतं आणि केमोचा डोस नकळत वाढतो किंवा घटतो. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसण्यात धोका पेशंटचा आहे.

ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. कॅन्सर स्पर्शाने होत नाही आणि केमो घेतलेल्या माणसाला नातवंडांनी मिठी मारली तर काहीही होत नाही. औषध लघवी-शौचातून बाहेर पडतं, म्हणून साधारण ४८ तास संडासात दोनदा पाणी सोडावं आणि खराब कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. गरोदर बाईने हे काम करू नये. यापलीकडे कोणतीही शिवाशिव नको.

"त्यांना सांगू नका, खचतील"

जवळपास प्रत्येक घरात कोणीतरी डॉक्टरांना हे सांगून ठेवतं. त्यामागे माया असते, हे मी नाकारत नाही. पण केस गेलेत, दर तीन आठवड्यांनी सलाईन लागतंय, हॉस्पिटलच्या पाटीवर कॅन्सर लिहिलंय, आणि बायको रोज रात्री स्वयंपाकघरात रडतेय. माणसाला कळलेलं असतं. त्यालाही तुम्हाला दुखवायचं नसतं, म्हणून तो काही विचारत नाही. एकाच घरात सगळे एकमेकांना सांभाळत एकटे पडतात. माझ्या आत्याच्या आजारपणात मी हे जवळून पाहिलंय. विम्याचे कागद कुठे आहेत, कोणाचे पैसे द्यायचेत, धाकट्याला काय सांगायचंय, या तिच्या मनातल्या गोष्टी ती घरच्यांऐवजी वॉर्डातल्या मावशींशी बोलायची.

सगळं एका दमात सांगायची गरज नसते. आधी विचारा: "तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय असं वाटतं?" मग: "आणखी माहिती हवी आहे, की मी बघून घेऊ?" काही जण खरोखरच म्हणतात, तू बघ. तोही त्यांचाच निर्णय आणि तो मानायचा. पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलू नका. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढे "दुखणं कमी होईल" या खऱ्या वाक्यावरही विश्वास राहत नाही.

"पॉझिटिव्ह राहा, तू फायटर आहेस" याबद्दलही बोलायला हवं. रोज हे ऐकणाऱ्याला भीती वाटते हे सांगायची सोय उरत नाही, आणि पुढे आजार वाढला तर आपणच कमी पडलो असं वाटतं. गाठ वाढणं हा कोणाच्या मनोबलाचा पराभव नसतो. त्याऐवजी "आज काय करू?" हे विचारा. उत्तर "पाय चेप" किंवा "गप्प बस, क्रिकेट लाव" असं येऊ शकतं. तेच करा. आणि भेटायला येणाऱ्यांचे फोन एका माणसाकडे सोपवा, म्हणजे तीच कहाणी रोज वीस वेळा सांगावी लागत नाही. रात्रीच्या जागरणाच्या पाळ्याही लावून घ्या. सगळा भार एकाच सुनेवर किंवा बायकोवर टाकून बाकीच्यांनी सल्ले देणं हा आपल्या घरांतला अन्याय आहे.

पॅलिएटिव्ह विभागात पाठवलं म्हणजे हात टेकले का?

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, धाप, मळमळ, बद्धकोष्ठता, झोप, भीती यांवर केलेले उपचार. ते केमोबरोबरच चालतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्यापासूनच ही जोड दिली. त्यांचं जगणं अधिक सुसह्य झालंच, शिवाय मध्यम आयुर्मान ८.९ ऐवजी ११.६ महिने आढळलं, आणि तेही शेवटच्या काळात कमी आक्रमक उपचार घेऊन.

"मॉर्फिनची सवय लागेल." दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची भीती फार कमी असते. बद्धकोष्ठता मात्र होतेच, त्यासाठी रेचक पहिल्या दिवसापासून मागून घ्या. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्तीही झाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, आणि त्याची शाखा गोव्यातही आहे.

पैसा आणि प्रवास

उपचार सुरू व्हायच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, भेटा. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोचा समावेश आहे, पण योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच आणि आधी मंजुरी घेऊनच. भरलेलं बिल नंतर परत मिळेल असं धरून चालू नका. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाचं दारही ठोठवा, ट्रस्टच्या मदतीचे रस्ते तिथूनच निघतात. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत भाडं लागत नाही, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. परळच्या टाटा हॉस्पिटलला येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी कित्येक कुटुंबांना आसरा दिलाय. जागा मर्यादित असते, चौकशी निघायच्या आधी करा.

केमो थांबवायची म्हणजे सोडून द्यायचं?

कधीतरी स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसतात, किंवा माणूस दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ अंथरुणात घालवू लागतो. अशा वेळी बहुतेक कॅन्सरमध्ये आणखी केमोने फायद्यापेक्षा हाल वाढतात. शेवटच्या महिन्यांत दिलेल्या केमोवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं की, जे रुग्ण अजून हिंडते-फिरते होते त्यांचेही अखेरचे दिवस केमोने अधिक त्रासाचे गेले.

तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पुढची केमो घेतली तर काय मिळेल, नाही घेतली तर काय होईल, आणि तुमच्या घरचं माणूस असतं तर तुम्ही काय केलं असतं? त्यानंतर, आणि खरं तर त्याच्याही आधी, पेशंटला विचारा की त्याला कुठे राहायचंय, घरी की हॉस्पिटलात, कोणाला भेटायचंय, व्हेंटिलेटर हवा आहे का. हे प्रश्न चांगल्या आठवड्यात विचारावेत, आयसीयूच्या दाराशी नाही. उत्तर घरी राहायचं असेल तर त्याच दिवशी पॅलिएटिव्ह टीमकडून लिहून घ्या: दुखलं तर कोणतं औषध किती, धाप लागली तर काय, रात्री कोणाचा फोन लागतो. तो कागद फ्रिजच्या दारावर लावा, आणि एक प्रत रात्री जागणाऱ्याच्या हातात द्या.